घरगुती शेंगा चटणीच्या विक्रीत ग्राफिक डिझाइनने खरंच फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात घरी शेंगा चटणी करून विकता, आजवर साध्या पिशवीत दिली. आता लेबल, नवी पेठेत एक फ्लेक्स आणि व्हॉट्सअॅपसाठी पोस्ट करायची आहे. पैसे बेताचे आहेत, तर डिझाइनवर घालावेत का, आणि आधी कशावर?

घालावेत, आणि आधी लेबलवर. फ्लेक्स सगळ्यात शेवटी. तुम्ही स्वतः विकता तेव्हा चव सांगायला तुम्ही समोर असता. दुकानाच्या फळीवर किंवा पुण्याच्या पाहुण्याच्या पिशवीत तुमच्या वतीने बोलणारं लेबलच असतं.

डिझायनरकडे जाण्याआधी एक गोष्ट घरीच ठरवा: पाकीट पाहिल्यावर पहिल्यांदा काय वाचलं जावं? सोलापुरात जवळजवळ प्रत्येक पाकिटावर ‘सोलापुरी’ हाच शब्द सर्वांत मोठा असतो. दहा पाकिटं शेजारी ठेवली की तो शब्द कुणालाच वेगळं काढत नाही. माल मुख्यतः इथल्याच दुकानांत जाणार असेल तर तुमचं नाव मोठं हवं, म्हणजे दुसऱ्यांदा येणारा तेच नाव मागेल. माल पुण्या-मुंबईला जाणार असेल तर ‘सोलापुरी शेंगा चटणी’ मोठं करा, कारण तिकडे तीच ओळख विकते. दोन्ही मोठं करायला गेलात तर दोन्ही बारीक वाटतं. मला विचाराल तर डिझायनरच्या कामाचा अर्धा भाग हा निर्णयच आहे. रंग आणि नक्षी त्यानंतर.

आता अक्षरं. ‘शेंगा’मधला श आणि ‘सोलापूर’मधला ल मराठी वळणाचे हवेत. अनेक फाँटमध्ये मुळात हिंदी वळण येतं. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी केली की फाँटमध्ये सोय असल्यास अक्षर बदलतं. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फाँट फुकट मिळतात, तिथून पाहायला सुरुवात करा. इंग्रजीत अक्षरं लांब लांब ठेवून ऐट आणतात, तसं देवनागरीत केलं की शिरोरेषा तुटते. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येत असल्याने दोन ओळींतलं अंतरही जास्त लागतं. अक्षराच्या मापाच्या दीडपट धरून चला. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सेटिंग चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरं फुटतात. म्हणून छपाईआधी प्रत्येक शब्द मोठ्याने वाचा. ही तपासणी प्रेसवाल्यावर सोडू नका.

कागदी स्टिकर घेऊ नका. चटणीला तेल सुटतं, भरताना ते बाहेर लागतं, मग कागदावर पिवळट डाग पडतो आणि कडा सुटतात. प्लास्टिक फिल्मचा, वरून लॅमिनेशन केलेला स्टिकर घ्या आणि पिशवी रिकामी असतानाच चिकटवा. भरल्यावर लावला तर सुरकुत्या पडतात. छापील पाउचच्या मोहात आत्ता पडू नका. त्यात प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा सिलिंडर (कोरलेला रूळ) करावा लागतो, आणि किंमत किंवा पत्ता बदलला की उरलेला माल वाया.

मोबाइलवर दिसणारा झळझळीत लाल छपाईत तसा उतरत नाही. छपाईत निळा, मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा आणि काळा अशा चार शाया असतात. चटणीच्या लालसाठी मॅजेंटा 100, पिवळा 100 आणि काळा 15 ते 20 टक्के असं मिश्रण करून एक नमुना छापून बघा. निळा घातला की रंग मळकट होतो. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. या चार शाया मिसळून केलेल्या गडद पट्टीवर बारीक पांढरी अक्षरं छापली तर रंग केसभर सरकले तरी ती बुजतात. कापणीसाठी चारही बाजूंना 3 मिमी रंग जास्त सोडा. फोटो छपाईच्या मापाला 300 डीपीआयचा (दर इंचाला 300 ठिपके) हवा. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो बहुतेक वेळा पुरत नाही.

बारकोड लाल रंगात कधीच छापू नका. बहुतेक स्कॅनर लाल प्रकाशाने वाचतात, त्यामुळे लाल रेघ त्यांना पांढरीच दिसते. पांढऱ्यावर काळा, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, आणि पिशवीच्या घडीपासून दूर.

कायद्याचा मजकूर उरलेल्या जागेत कोंबू नका, त्याची जागा आधी आखा: 14 आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, घटक, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, तारखा, पत्ता, तक्रारीसाठी फोन. शेंगदाणा अॅलर्जीच्या यादीत येतो, त्यामुळे तो वेगळा जाहीर करावा लागतो. ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असणं बंधनकारक आहे; मराठी सोबत द्या, पण नुसती मराठी चालत नाही.

फ्लेक्सचं गणित सोपं आहे. दर 10 फूट अंतराला साधारण 1 इंच उंचीचं अक्षर. ताशी 40 किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला 11 मीटर सरकते, म्हणजे 50 मीटरवरून दिसलेला फ्लेक्स वाचायला चारपाच सेकंद मिळतात. तेवढ्यात पाचसहा शब्दच वाचून होतात: नाव, चटणी, दुकानाची खूण. सोलापूरच्या उन्हात मॅजेंटा आणि पिवळा आधी विटतात, नेमके चटणीचेच रंग. म्हणून नाव आणि फोन काळ्यात किंवा गडद निळ्यात ठेवा.

व्हॉट्सअॅप चित्र दाबून लहान करतं. त्यात काळ्यावर लाल बारीक अक्षरं पसरतात. 1080 बाय 1080 चं चित्र, मोठा दर, एकच फोटो एवढं पुरे.

काम संपल्यावर डिझायनरकडून दोन फाइल मागून घ्या: अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे चित्रासारखी आकारात बदललेली, प्रेसकडे फाँट नसला तरी न बिघडणारी) पीडीएफ प्रेससाठी, आणि बदल करता येईल अशी मूळ फाइल तुमच्याकडे. पूर्ण ऑर्डर देण्याआधी लेबल खऱ्या मापात साध्या प्रिंटरवर छापा, पाकिटाला चिकटवा आणि ओळखीच्या दुकानदाराच्या फळीवर इतरांच्या मधे ठेवून सहा फुटांवर उभे राहा. नाव तिथून वाचता आलं नाही तर छपाई थांबवा आणि आधी नक्षी कमी करा.