फाळणीच्या छावणीत मेडिकलचा विद्यार्थी नेमकं काय करायचा?

तुम्ही विचारलंय, की १९४७ मध्ये निर्वासितांच्या छावण्यांत स्वयंसेवक म्हणून गेलेल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांचा, अर्धवट शिकलेल्या पोरांचा, तिथे काय उपयोग होत असेल? तुम्ही स्वतः तिसऱ्या वर्षाला आहात, असंही लिहिलंय.

उपयोग भरपूर व्हायचा. कारण जरा विचित्र आहे: पूर्ण शिकलेल्या डॉक्टरच्या हातातही तेव्हा फारसं काही नव्हतं.

माझे वडील तेव्हा मुंबईत मेडिकलला होते. कॉलेजातल्या काही मुलांबरोबर तेही फ्रंटियर मेलने दिल्लीला आणि तिथून कुरुक्षेत्राला गेले. कुरुक्षेत्राची छावणी सर्वांत मोठी. १९४७च्या अखेरीस तिथे सुमारे ३ लाख माणसं तंबूंत राहत होती. गांधीजी १२ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रावरून बोलले ते या छावणीतल्या लोकांशीच.

लोकांना वाटतं, तलवारीच्या जखमा शिवत बसले असतील. तसे जखमीही होते, पण छावणी पोखरतात ते कॉलरा, हगवण, गोवर आणि न्यूमोनिया. बाबांचा बहुतेक वेळ टोचण्यात गेला. काचेची सिरिंज, प्रायमसवर उकळवलेल्या सुया. सुया बोथट व्हायच्या, मग संध्याकाळी दगडावर घासून त्यांना धार काढायची. दोन माणसांच्या मध्ये सुई स्पिरिटच्या ज्योतीवरून फिरवायची की झालं! आज कुणी असं केलं तर त्याला कॉलेजातून काढतील.

लोक टोचून घ्यायला का-कू करत, आणि त्याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. कॉलऱ्याच्या त्या लशीने दंड सुजायचा, दिवसभर ताप यायचा. ताप आलेल्या बाईने रेशनच्या रांगेत उभं कसं राहायचं? शेवटी बाबांच्या विभागात टोचलेल्यांना रांगेत पुढे घ्यायचं ठरलं, तेव्हा गर्दी आवरेना. शिवाय ती लस अंगी लागायलाच आठवडा जातो, आणि लागली तरी तिचं संरक्षण अर्धंमुर्धंच. साथ आटोक्यात ठेवायची तर खरी कामं दुसरीच: पाण्यात ब्लीचिंग पावडर, चर खणून केलेले संडास आणि त्यावर रोज माती-चुना. हे करायला एम.बी.बी.एस. लागत नाही, पण हटून बसणारा कुणीतरी लागतो.

कॉलरा झालाच तर शिरेतून सलाइन. रुग्ण इतका सुकलेला, की शीर हाताला लागायचीच नाही. मग घोट्याजवळ कातडी कापून शीर उघडी करायची, तिच्यात काचेची नळी बसवायची आणि कुणीतरी बाटली उंच धरून उभं राहायचं. हे ‘कुणीतरी’ म्हणजे विद्यार्थी. पाणी नीट ऊर्ध्वपातित नसेल तर अर्ध्या बाटलीत रुग्णाला हुडहुडी भरायची.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात घालून ते ड्रममधून प्यायला वाटलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. हे वाचून बाबा चिडले होते. “मीठ-साखर आमच्या भटारखान्यातही होती,” म्हणाले. ज्ञान नव्हतं, त्याला ते तरी काय करणार!

थंडीचा बंदोबस्त तर कुणाकडेच नव्हता. मुंबईच्या मुलांनी तसली थंडी पाहिलीच नव्हती. तान्ह्या मुलांना न्यूमोनिया व्हायचा. औषध म्हणजे ‘एम अँड बी ६९३’ या सल्फाच्या गोळ्या, कुटून पाण्यातून द्यायच्या. बाळंतपणं मात्र या पोरांकडे कुणी आणली नाहीत, ती छावणीतल्या सुइणींनीच केली. ज्या बायकांवर वाटेत अत्याचार झाले होते, त्याही पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडत नसत. बाई डॉक्टर चार-दोनच, त्यांचे हाल विचारू नका.

बाबांची एक टर्म बुडाली, परीक्षा पुढच्या खेपेला दिली.

तेव्हा ‘अर्धवट’ची चिंता सोडा. सुट्टीत एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, विहिरीत टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडरच) किती टाकायची त्याचा हिशोब आणि पाण्यातलं क्लोरीन तपासायची ओटी टेस्ट शिका, सुकलेल्या बाळाची शीर शोधायला शिका. आणि पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य या विषयाच्या, लेक्चरला दांडी मारत असाल, तर ते आधी थांबवा.