तूप काढलं तर उरतं काय?

प्रिय सई,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, मराठी जेवणातून तूप, दूध, दही काढलं तर उरतं काय?" मी भांडी घासत होते, म्हणून "पुष्कळ उरतं" एवढंच म्हणून सुटले. मग तुझा दुसरा प्रश्न आला, तो जास्त अवघड : मार्चमध्ये बार्शीला गेल्यावर आजी भातावर तूप वाढायला आली की काय करायचं? हे काही फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. लांबलं तर दोन बैठकांत वाच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला एका कस्टमवाल्यानं कधीच देऊन ठेवलंय. तू तीन वर्षांची होतीस. बार्शीहून परत येताना आजीनं बॅग भरून दिली होती. भाजणी, येसूर म्हणजे आमटीला लावायचं मसाल्याचं पीठ, मेतकूट, शेंगाचटणी, कारळ्याची चटणी, कडक भाकरी, गूळ, आणि मधोमध माझ्या दोन साड्यांत गुंडाळलेली लोणकढ्या तुपाची बरणी. दुधाचे पदार्थ असे सामानातून युरोपात आणता येत नाहीत हे मला ठाऊकच नव्हतं. त्या माणसानं सगळं टेबलावर मांडलं, येसूर हुंगून दोनदा शिंकला आणि शेवटी बरणी एका बाजूला, बाकीचं दुसऱ्या बाजूला केलं. मी रडकुंडीला आले होते, पण आता तुझा प्रश्न ऐकल्यावर तेच टेबल आठवलं. एका बाजूला एक बरणी. दुसऱ्या बाजूला आमचं महिन्याभराचं जेवण.

व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणारा, हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये निघाला. आजीच्या घरातलं रोजचं जेवण त्याच्या कितीतरी आधीपासून जवळजवळ तसंच होतं, पण त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. एक म्हैस होती, तिचं दूध डेअरीला जायचं आणि घरात चहापुरतं उरायचं. सकाळी ज्वारीची भाकरी, पिठलं नाहीतर आमटी, ठेचा, बुक्की मारून फोडलेला कांदा. संध्याकाळी पुन्हा भाकरी आणि एखादी पालेभाजी, डाळ घालून. दही, ताक असलं तर असलं. हे पोट भरायचं जेवण होतं आणि त्यावर माणसं शेतात दिवसभर राबायची. म्हणून म्हणते, तुला नवीन काही शिकायला नको, वरचा चमचा तेवढा बाजूला ठेवायचाय.

मात्र मराठी म्हणजे शाकाहारी असं तुझ्या मैत्रिणींना सांगत फिरू नकोस. बाबांच्या मालवणात माशाशिवाय पान हलत नाही. पण तिथंही गंमत बघ : काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी, दोन्हींत दुधाचं काम नारळ करतो. तू सोलकढी करशील तेव्हा नारळाचं दूध डब्यातलं चालेल, आमसुलं मात्र आपलीच भिजव.

आता कामाचं. तुझ्या खोलीत एकच शेगडी आणि एक कढई आहे हे धरून चालते.

पिठलं आलं की तू उपाशी राहणार नाहीस. बेसन कुठल्याही तुर्की दुकानात मिळतं, आणि जर्मन दुकानात किशरएर्ब्सनमेल अशा भल्याथोरल्या नावाखाली. एक वाटी पिठाला तीन वाट्या पाणी. तेल चांगलं तापू दे. मोहरी तडतडल्याशिवाय पुढचं काही घालायचं नाही, इथंच तुझी घाई होते. मग जिरं, हिंग, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, हळद. पाणी ओतून खळखळून उकळू दे, मीठ घाल, आणि एका हातानं पीठ वैरत दुसऱ्या हातानं घोटत राहा. गुठळ्या झाल्या तर होऊ देत, आजी म्हणते गुठळी सापडली की घास गोड लागतो. झाकण ठेवून दोन वाफा काढ. वरून कोथिंबीर आणि चमचाभर कच्चं तेल. हे कच्चं तेल विसरू नकोस, पुढं त्याचं काम आहे.

भाकरीचं मी तुला खरं सांगते, मला इथं आल्यावर पहिली दोन वर्षं जमली नाही. ज्वारीचं पीठ मिळेना, म्हणून मी राय आणलं. म्हटलं, काळपट दिसतंय, बाजरीच समजू. ते पीठ हाताला जे चिकटलं ते चाकूनं खरवडावं लागलं, आणि बाबांनी त्या दिवशी निमूटपणे पाव खाल्ला. ज्वारीला गव्हासारखी ताणली जाणारी चिकी नसते, म्हणून पिठात उकळतं पाणी ओतायचं, दहा मिनिटं झाकायचं आणि मग तळहाताच्या टाचेनं रेटून मळायचं. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. त्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी वाळतंय न वाळतंय तोच उलटायची. उशीर झाला की तडे जातात. काचेच्या शेगडीवर जाळ नाही, तर फडक्याची घडी करून कडेकडेनं दाब. फुगते. आजीच्या चुलीवरच्यासारखी नाही, पण पापुद्रा सुटतो.

मटकीला बार्शीत एका रात्रीत मोड येतात. इथं जानेवारीत तीन दिवस वाट बघितलीस तरी ती ढिम्म. आठ-दहा तास भिजवून, पाणी काढून, ओल्या फडक्यात बांधून गाठोडं हीटरजवळ ठेव, हीटरवर नको. मी एकदा वर ठेवलं होतं, आठवडाभर घराला वास येत होता. दह्याच्या कोशिंबिरीऐवजी खमंग काकडी कर : काकडी चोचव, दाण्याचं कूट, लिंबू, साखर, मीठ, वर मिरचीची फोडणी. दाण्याचं कूट, तिळाचं कूट, ओलं खोबरं, ही आपली साय. कधी भाजी मिळमिळीत झाली तर दुधाकडे न बघता या डब्यांकडे बघ.

पोषणाचं तू मला ऐकवतेस, आज मी तुला ऐकवते. भाकरी आणि डाळ एकत्र खाण्यात शहाणपण आहे, कारण धान्यात जे अमिनो आम्ल कमी पडतं ते डाळीत असतं आणि डाळीत कमी पडतं ते धान्यात. भाजणीत तर ते आधीच एकत्र दळलेलं असतं. कॅल्शियमसाठी नाचणी आण. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात १२०च्या आसपास. सगळं अंगी लागत नाही, तरी नाचणीचं आंबील किंवा भाकरी आठवड्यातून दोनतीनदा कर. पोह्यांवर लिंबू पिळतो ते नुसतं चवीला नाही, त्यानं डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला मदत होते. पण ब-१२ जीवनसत्त्व मात्र आपल्या कुठल्याही डब्यात नाही. ते जंतू बनवतात, झाडं नाही. मोडात नाही, आंबवलेल्या इडलीत भरवसा धरावा इतकं नाही. शरीरातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते आणि तोवर हातापायांना मुंग्या येऊ लागलेल्या असतात. इथं मोठ्या माणसाला दिवसाला ४ मायक्रोग्रॅम सांगतात, ते गोळीतूनच घ्यायचं. डॉक्टरांना विचारून सुरू कर आणि रक्त तपासून घे. यावर वाद नको.

प्रवासाचं. मी लहान असताना आम्ही कुर्डुवाडीहून बार्शी लाइटनं जायचो. १८९७ साली सुरू झालेली ती छोटी गाडी, इतकी सावकाश की उतरून शेजारून चालत जावं असं सगळे म्हणायचे. डब्यात बसलं की पाच मिनिटांत कुणाचं तरी फडकं सुटायचं. जुन्या सोवळ्यात पाण्यात भिजवलेल्या पिठाची पोळी प्रवासात चालत नसे, दुधात भिजवलेली चाले. तीच दशमी. म्हणजे तुझ्या नियमाच्या नेमकं उलट! पण लाल भोपळ्याचा कीस गुळात शिजवून त्यात मावेल तेवढी कणीक घालून केलेले घारगे ना पाण्याचे ना दुधाचे, ते तुलाही चालतील आणि पणजीलाही चालले असते. गूळपोळी तर चांगली आठदहा दिवस टिकते, फक्त करताना तेल घाल, तूप नको. आणि सोलापुरी कडक भाकरी, तिला महिना काय नि दोन महिने काय. आजीनं दिलेल्या गेल्या खेपेच्या पाच भाकऱ्या कपाटात आहेत. चुरून वर शेंगाचटणी, कच्चं तेल आणि कांदा घाल. गाडी दोन तास उशिरा असली तरी तुझं काही अडणार नाही.

इथं हॉस्टेलात राहताना किटली असतेच. घरून रवा फोडणीत भाजून, मीठ-साखर आणि वाळवलेला कढीपत्ता घालून डब्यात भरून ने. उकळतं पाणी ओतून झाकलं की दहा मिनिटांत उपमा. किटलीही नसेल तर पातळ पोहे, मेतकूट, कच्चं तेल, कांदा. त्याला शिजवणं काही नाहीच.

तिकडं गेल्यावर पुण्याहून पुढचा प्रवास तू एकटी करणार, म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेव. "शुद्ध शाकाहारी" पाटीचा तुला उपयोग नाही, तिथं तर पनीर आणि लोणी जास्त. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही दुधाला चालतो. व्हीगनचं वेगळं चिन्ह २०२२च्या नियमांत आलंय, पण एसटी स्टँडवरच्या वड्याला कुठलं चिन्ह! उलट साध्या टपरीवर तूप सहसा नसतंच, ते महाग असतं. वडा, भजी, पोहे, उसळ बहुधा तेलातलेच असतात. मिसळीवर दही घालू नका म्हणून आधी सांग, पोळीला "तूप न लावता" म्हण, साबुदाण्याची खिचडी तुपातली आहे का विचार. चहा हवा असला तर "कोरा चहा" माग. आणि "व्हीगन आहे" असं सांगत बसू नकोस, "दूध, दही, ताक, लोणी, तूप चालत नाही" असं एका दमात म्हण. समोरचा विचारेल, "उपास आहे का?" हो म्हणालीस तर तो तुला वरीचे तांदूळ आणि वर वाटीभर दही देईल. तेव्हा खरं काय ते सांग.

आता आजी.

भातावर तुपाची धार सोडणं याला आपल्याकडे अन्नशुद्धी म्हणतात. ती सोडल्याशिवाय पान वाढून झालं असं आजी मानत नाही. पण तिचं त्या तुपाशी याहून वेगळं नातं आहे. लग्न होऊन आली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. पंगतीत आधी पुरुष, मग मुलं, शेवटी सुना. जावई आले असले तर त्यांच्या भातात खड्डा करून तूप ओतायचं. सुनांपर्यंत येईतो वाटी पुसलेली. ती मला एकदा सांगत होती, त्या रिकाम्या वाटीत गरम भाताचा घास फिरवायचा आणि तो खायचा, तेवढाच तुपाचा वास. माझ्या लहानपणी मुलींच्या पानात तूप पडायला लागलं होतं, तरी दादापेक्षा कमी. तुझ्या पानात ती चमचा पालथा करते तो या सगळ्यानंतर.

म्हणून ती वाढायला आल्यावर ताटावर आडवा हात धरू नकोस. पोचलीस की पहिल्या दिवशीच, स्वयंपाकघरात ती लसूण सोलत असेल तेव्हा शेजारी बसून सांग. ॲलर्जी आहे असं खोटं सांगू नकोस, ती महिनाभर काढे पाजेल. आणि तिला वाढायला दुसरं काहीतरी दे. तिच्या घरात करडईचं घाण्याचं तेल असतं, पिठल्यावर ती स्वतः तेच घेते. "आजी, मला कच्चं तेल वाढ" म्हण. वरणभाताला लसणाची फोडणी करून मागून घे, विदर्भात गोळाभातावर तेलाची फोडणीच ओततात. होळीला पुरणपोळी असेल, ती कटाच्या आमटीत बुडवून खा, किंवा नारळाचं दूध मी सांगून ठेवते. तिच्या हातात पळी राहू दे, मग पळीत काय आहे यावर ती फार भांडणार नाही. थोडं भांडेल.

काल मी फोनवर तिच्या कानावर घातलंय. पाच मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "म्हशीचं वासरू उपाशी राहतं म्हणून का?" मी हो म्हणाले. "मग बरोबर आहे पोरीचं. आमच्या म्हशीच्या रेडकाला आम्ही एक सड सोडायचो, पण डेअरीचा माणूस दारात उभा असायचा." एवढं बोलून तिनं विषय बदलला आणि तुला मेथी आवडते का ते विचारलं.

तुझी,
आई

ता. क. मध पण चालत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग.