समुपदेशक व्हायचंय? आधी एवढं बघ

बारावीला कॉमर्स होतं म्हणून अडत नाही. मानसशास्त्रात बी.ए., मग समुपदेशनात एम.ए., हा सरळ रस्ता. प्रवेश घेताना नक्की विचार: प्रत्यक्ष सत्रं किती तास, आणि सुपरव्हिजन, म्हणजे तुझ्या सत्रांवर अनुभवी समुपदेशकाचं मार्गदर्शन, कोण देणार?

नवे लोक चुकतात ते इथे:
- आठवडाभराच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर पाटी लावतात.
- समुपदेशक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणारे) एकच समजतात. क्लिनिकलला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते.

माझ्या पहिल्याच सत्रात समोरची बाई रडू लागली. मी घाईने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिचं रडणं थांबलं, आणि बोलणंही! माझीच अस्वस्थता मला सोसवली नव्हती, हे सुपरव्हिजनमध्ये कळलं. असं दाखवून देणारं माणूस पहिल्या वर्षापासून शोध. थेरपीच्या पद्धतींचं नंतर बघू.