दुसरा हप्ता आत्ता भरू नका

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, यंत्रमागावर कामाला आहे. घरात तेलुगू बोलतो, मुलगी मराठी शाळेत शिकली. बायको विड्या वळते, तिच्या दोन्ही गुडघ्यांतलं वंगण संपलंय. मुलगी बी.एस्सी. झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मागच्या वर्षी ५८ टक्के. त्याआधी दोनदा मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली, नंबर लागला नाही. तेव्हापासून घरात फारशी बोलत नाही. आईचे केसपेपर मात्र तीच तारखेवार लावून ठेवते. आम्ही तिला मेडिकल कोडिंगच्या क्लासला घातलंय. फी ४० हजार, १५ भरले, बाकीचे १० तारखेला. शंभर टक्के नोकरी म्हणतात. निदान चारचौघांत पोरगी मेडिकलला आहे असं सांगता येईल, आणि आईचा एक्स-रे बघून तिला आजारही कळेल. निर्णय बरोबर आहे ना?
– एक वडील, अशोक चौक परिसर

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ५८ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. वाटली ती 'तेव्हापासून घरात फारशी बोलत नाही' या वाक्याची. ते लिहून तुम्ही लगेच फीवर गेलात. दोन वर्षं रात्रंदिवस अभ्यास करून नंबर न लागलेली मुलगी गप्प झाली आहे, आणि त्या गप्प बसण्यालाच घराने होकार समजलं आहे. 'आम्ही घातलंय' असं तुम्ही लिहिता. तिला विचारलं होतं का? विचारलं असेल तर ती काय म्हणाली, हे पत्रात कुठेच नाही.

आणि 'चारचौघांत सांगता येईल' हे तर मला अजिबात पटलं नाही. मागाच्या खडखडाटात उभं राहून तुम्ही कमावलेले ४० हजार गल्लीतल्या लोकांच्या तोंडासाठी खर्च होणार असतील, तर ते घरातच राहू द्या. शिवाय ज्या शब्दाने ती दोनदा मोडली, तोच 'मेडिकल' शब्द तुम्ही पुन्हा तिच्या गळ्यात बांधताय.

आता एक्स-रेचं. कोडर आजार ओळखत नाही. डॉक्टरांनी जे निदान लिहिलं, त्याला ठरलेल्या यादीतला कोड लावणं हे कोडरचं काम. विम्याचे पैसे त्या कोडच्या आधारे मिळतात. इथल्या कंपन्यांत येणारं हे काम बहुतेक अमेरिकेतल्या रुग्णांचं असतं, आणि तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही आजारांच्या कोडची यादी लागू आहे. तुमच्याच घरातलं दुखणं घ्या. 'वंगण संपलं' याला त्या यादीत जागा नाही. दोन्ही गुडघ्यांचा प्रायमरी ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे दुसऱ्या कारणाशिवाय झालेली सांध्यांची झीज, असं डॉक्टरांनी लिहिलं तर कोड एम१७.०. फक्त उजवा असेल तर एम१७.११, डावा असेल तर एम१७.१२. जुन्या दुखापतीतून झालेला असेल तर आणखी वेगळा. बाजू लिहायची राहिली असेल, तर डॉक्टरांना विचारायचं, मनाने भरायची नाही. ओपीडीच्या कागदावर 'ऑस्टिओआर्थ्रायटिस असावा' एवढंच असेल, तर एम१७ लावताच येत नाही, नुसत्या दुखण्याचा कोड लागतो. डाव्या गुडघ्यासाठी एम२५.५६२. समोर एक्स-रेमध्ये सांध्यातली फट कमी झालेली स्वतःला दिसली तरीही. हात आवरून, दिवसभर इंग्रजी नोंदी वाचत बसायचं हे काम आहे. कुणाला ते मनापासून आवडतं, कुणाचा त्यात जीव गुदमरतो.

केसपेपर तारखेवार लावणारी मुलगी यात रमेलही. पण ते ती आईच्या मायेपोटी करत असेल, तर त्यावरून करिअर ठरवू नका.

क्लासची 'शंभर टक्के' हमी मला खरी वाटत नाही. या क्षेत्रात सीपीसी ही परीक्षा मानली जाते : १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्क्यांना पास. पास झाल्यावरही अनुभव जमेपर्यंत नावापुढे शिकाऊपणाची खूण राहते. मोठ्या कंपन्या हैदराबाद, चेन्नई, पुण्याकडे आहेत, म्हणजे घर सोडण्याची तयारी हवी. त्याबद्दलही तिला विचारलेलं दिसत नाही. क्लासवाल्यांना सरळ विचारा : मागच्या वर्षी कोण कुठे लागलं, त्यातल्या दोघांशी बोलायला मिळेल का? परीक्षेची फी या ४० हजारांत आहे का? पुस्तकं चालू वर्षाची आहेत का? या यादीतले कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात. उत्तरं टाळली तर १५ हजार गेले असं समजा, पण उरलेले २५ वाचवा.

एम.एस्सी., बी.एड.ची सीईटी, डीएमएलटी, स्पर्धा परीक्षा हे रस्ते तिलाही ठाऊक असतील. मी आत्ता त्यातला एकही सुचवत नाही.

एवढंच करा. आयसीडी-१०-सीएमची यादी आणि तिचे नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. तिची इच्छा असेल तर तिने एम१५ ते एम१९ हा सांध्यांचा भाग आठवडाभर स्वतः वाचावा, आईचे जुने केसपेपर शेजारी ठेवून. मग तिला एकच विचारा, 'कंटाळा आला का?' आला म्हणाली तर तिथेच थांबा. आणि हे विचारताना आत्या, मामा, शेजारी कुणी नको, तुम्ही दोघं आणि ती.

१० तारीख जाऊ द्या. पुढचं पत्र मात्र तिच्या हातचं येऊ द्या. तेलुगूत लिहिलं तरी चालेल, मी कुणाकडून तरी वाचून घेईन.