शेवटच्या खाटेपासून मोज

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तीनदा वाचलं. गडचिरोलीत इंद्रावती नदीच्या अंगाला असलेल्या त्या टोल्यात, त्या छोट्या वस्तीत, हिवतापासाठी वाटलेल्या आणि तू बघितलेल्या अकरा मच्छरदाण्या काही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, घडीसुद्धा मोडलेली नाही. आणि तुझ्या संगणकावर त्याच गावापुढे वाटप ९७ टक्के. तुला रात्री झोप लागली नाही असं लिहिलंस. नाही लागली ते बरंच झालं.

पुण्याला परत जाऊन गोदामाच्या कंपनीत नोकरी धरू का, तिथे निदान पाठवलेला माल पोचतो तरी, असं विचारलंस. राहायचं की जायचं ते तुझं तू ठरव, मी त्यात पडणार नाही. पण 'लोकांमध्ये जागृती नाही' हे तुझ्या वरिष्ठांचं वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलं आहेस, आणि दोन्ही वेळा मला राग आला. जायचं असेल तर खुशाल जा, पण त्या वाक्यावर विश्वास ठेवून जाऊ नकोस. माझ्या नोकरीच्या एकतीस वर्षांत जिथे जिथे ते वाक्य ऐकलं, तिथे तिथे आमचाच हिशेब कुठेतरी चुकलेला होता.

तुझ्या पाच पानी पत्रात घरं किती, माणसं किती, गठ्ठे किती, ट्रक कोणत्या तारखेला निघाला, सगळं आहे. त्या टोल्यात खाटा किती, ते नाही. माणसं रात्री कुठे झोपतात, ते नाही.

शेवटच्या खाटेपासून मोज. मला सांगायचं आहे ते एवढंच, पुढे जे लिहितो आहे तेही फिरून फिरून तेच आहे.

दोन माणसांमागे एक मच्छरदाणी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब तुला पाठ आहे. खरेदी करताना लोकसंख्येला २ ने नाही, १.८ ने भागतात, हेही तू लिहिलंस. का भागतात ते तुला कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही. पाच माणसांच्या घराला अडीच मच्छरदाण्या देता येत नाहीत, तीन द्याव्या लागतात. ४० घरांचं गाव धर, घरी पाच-पाच माणसं, म्हणजे २०० माणसं. कागद म्हणतो १००. १.८ ने भागलं तर ११२. आणि त्या गावाला खरोखर लागतात १२०. आता त्यातल्या एका घरात आत जाऊन बघ. म्हातारा पडवीत एकटा. नवरा-बायको आणि अंगावरचं मूल आतल्या खोलीत. थोरला मुलगा धान पिकलं की रात्री शेतातल्या माचीवर, रानडुकरं राखायला. तीन जागा, तीन मच्छरदाण्या. यातली एक घरात कमी पडली, तर उघड्यावर कोण झोपतं सांग. म्हातारा झोपतो, नाहीतर माचीवरचा पोरगा झोपतो. आणि डास काही घरपट्टीची पावती बघून चावत नाही.

हे मला पहिल्यापासून कळत होतं असं समजू नकोस. नोकरीच्या आठव्या वर्षी एका तालुक्यातल्या सात गावांचं वाटप माझ्याकडे होतं. यादी जुनी होती. माल कमी आला होता. वरून तोंडी सांगितलं गेलं, घरटी एक द्या, अंगठे घ्या आणि संपवा. मी संपवलं. माझा तक्ता सगळ्यांत आधी गेला, १०० टक्के, आणि बैठकीत माझं नाव घेतलं गेलं. त्या सात गावांतल्या एका टोल्यातली बारा घरं यादीतच नव्हती. मला ती ठाऊक होती. येता-जाता तिथे मी पाणी प्यायलो होतो. पण यादीत नाहीत म्हणजे माझ्या तक्त्यात नाहीत, असं मी मनाला सांगितलं.

ऑगस्टमध्ये त्याच टोल्यातून चार माणसं एका मुलाला घेऊन आली. नाल्याला पूर होता, गाडी जात नव्हती. खाट उलटी करून, तिच्या पायांना बांबू बांधून, त्या कावडीवर त्यांनी त्याला नऊ किलोमीटर आणलं होतं. सहा वर्षांचा मुलगा, मेंदूचा हिवताप, दातखीळ बसलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. ती खाट दोन दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. सुंभाची, एका बाजूचा पीळ सैल झालेली. मी मोजायची राहिलेली खाट स्वतः चालत माझ्यापर्यंत आली होती. बेटा, मी तेव्हापासून दुसरं काही मोजलेलं नाही.

आता तुझ्या त्या अकरा मच्छरदाण्यांकडे वळू. मी तिथे नव्हतो, त्यामुळे कारण ठामपणे सांगणार नाही. तू मात्र तिथे होतीस आणि विचारलं नाहीस, याचा मला खरंच वैताग आला. पेटी उघडून फोटो काढलास. घरातल्या बाईजवळ बसून 'का नाही बांधली' एवढं विचारायला काय लागत होतं? माडिया बोली येत नसेल तर आशाताई आहे ना तुझ्याबरोबर. तिच्याशिवाय फिरूच नकोस.

माझा अंदाज सांगतो. दोरी नसेल. हसू नकोस. मच्छरदाणीच्या कोपऱ्यांना कड्या असतात, दोरी नसते. चार कोपरे म्हणजे चार दोऱ्या आणि चार आधार. कुडाच्या भिंतीत खिळा धरत नाही, पडवीला तर दोन बाजूंना भिंतच नसते. कारखान्यापासून सबसेंटरपर्यंत आपण लाखोंचा माल आणतो आणि शेवटच्या चार हातांवर तो पेटीत जातो. मी पुढे प्रत्येक गठ्ठ्याबरोबर सुतळीचे गुंडे पाठवायला लागलो. दोन माणसं बरोबर द्यायचो. मच्छरदाणी हातात द्यायची नाही, खाटेवर बांधून द्यायची आणि प्लॅस्टिकची पिशवी परत आणायची. सुतळी कोणत्या लेखाशीर्षात टाकली म्हणून मला लेखी विचारणा झाली. पुढची तीन वर्षं सुतळी मी पगारातून घेतली. त्या गावांत रात्री फिरून बघायचो तेव्हा टांगलेल्या मच्छरदाण्या दिसायच्या, त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज मला वाटली नाही, आजही वाटत नाही.

दुसरी शक्यता अंग चुरचुरण्याची. नवी मच्छरदाणी पिशवीतून काढली की एक दिवस सावलीत टांगून वारा द्यायचा असतो. हे कुणी सांगितलं नाही, की पहिल्या रात्री तोंडाची आग होते, शिंका येतात. एका घरात असं झालं की अख्खा टोला पिशवी उघडत नाही. याला जागृती नाही म्हणायचं का? त्यांनी बघितलं आणि शहाणपणाने वागले. सांगायचं काम आपलं होतं.

आमच्या सुरुवातीच्या काळात साध्या जाळ्या असायच्या. गावात टब मांडून त्या डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाच्या द्रावणात बुडवायच्या, सावलीत आडव्या पसरून वाळवायच्या, सहा महिन्यांनी पुन्हा जायचं. फार कटकटीचं काम होतं, पण त्यामुळे वर्षातून दोनदा प्रत्येक घराची पायरी चढणं व्हायचं. आता औषध धाग्यातच असतं, वीसेक धुण्यांपर्यंत टिकावं, तीन वर्षं चालावी असं धरलेलं. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण एकदा टाकली की तीन वर्षं तिकडे फिरकायचं नाही अशी सवय आपल्याला लागली. फाटलेल्या किती, साबण-सोडा लावून दगडावर आपटलेल्या किती, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीबरोबर गेलेल्या किती, कुणाला ठाऊक? गरोदर बाईची नोंद झाली की तिला एक, हे वर्षभर चालू राहायला हवं. गोदामात त्यासाठी शिल्लक ठेव. शून्य शिल्लक म्हणजे काम चोख झालं, असं तुला सांगतील. मान्य करू नकोस.

वेळेचंही तसंच. तू लिहिलंस, पुरवठादाराला उशीर झाला म्हणून वाटप जुलैत गेलं. गडचिरोलीत राहून हे वाक्य लिहायचं नाही. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागड तुटतं, हे शेंबड्या पोराला माहीत आहे, दरवर्षीचं आहे. मग उलटं मोज. खाटेवर मच्छरदाणी बांधलेली हवी मे संपायच्या आत. म्हणजे ती आरोग्य केंद्रात हवी एप्रिलमध्ये, जिल्ह्याला मार्चमध्ये, आणि कारखान्याला ऑर्डर त्याच्याही कित्येक महिने आधी, कारण माल बनायला, तपासायला, यायला वेळ लागतो. आणि मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. माणसं अंधारात रानात जातात, दुपारी येतात, मग पानांचे पुडे बांधत बसतात. सकाळी दहाला गाडी घेऊन गेलीस तर दाराला कडी दिसेल, आणि तुझ्या ॲपमध्ये 'घर बंद' अशी नोंद होईल. संध्याकाळी जा. आदल्या आठवडी बाजारात सांगून ठेव.

आता ती गोष्ट, जी माझ्याबद्दल तुला कुणीतरी सांगितली आहे असं तुझ्या पत्रावरून वाटतं. हो, मी माल नऊ दिवस अडवून धरला होता. खाटांच्या हिशेबाने सहाशे मच्छरदाण्या कमी होत्या. पुन्हा तोच आदेश, घरटी एक द्या. मी म्हटलं, उरलेल्या येईपर्यंत सही करणार नाही. दहाव्या दिवशी पाऊस लागला आणि नाल्यापलीकडची तीन गावं ऑक्टोबरपर्यंत मच्छरदाणीशिवाय राहिली. याच्या हट्टापायी राहिली, असं लोक म्हणतात. बेटा, मी हजार वेळा तपासून बघितलं आहे. सही न करणं बरोबरच होतं. सही केली असती तर ते सहाशे कागदावर कायमचे पुसले गेले असते. मी अडलो म्हणून ते पाठवावे लागले. चूक वेगळी होती. जेवढ्या आल्या होत्या तेवढ्यातून नाल्यापलीकडची तीन गावं पहिल्याच दिवशी पूर्ण करायला हवी होती, खाटेला खाट. तुटीसाठी थांबायचं ते सडकेवरच्या गावांनी, जिथे पावसातही ट्रॅक्टर जातो. मी शेवटच्या खाटेपासून मोजलं आणि वाटायला बसलो पहिल्या खाटेपासून. त्या तीन गावांना माझी ही कारणमीमांसा ऐकवायला मी कधी गेलो नाही. धीर झाला नाही.

मच्छरदाणीच आता कामाची राहिली नाही, असंही तू कुठेसं ऐकलंस. कीटकनाशकाला डास सरावतो आहे, हे खरं. म्हणून तर नव्या जाळ्यांत दुसरं औषध जोडीला घालतात. पण आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात हिवतापाच्या सुमारे ६६ कोटी केसेस टळल्या असा संशोधकांनी अंदाज काढला, आणि त्यातला दोन तृतीयांशांहून जास्त वाटा मच्छरदाण्यांचा होता. लांब कशाला, छत्तीसगडपलीकडे ओडिशा बघ. २०१७ मध्ये त्यांनी एक कोटीहून जास्त मच्छरदाण्या वाटल्या, दुर्गम पाड्यांवर जाऊन तपासणी आणि उपचार केले. त्या वर्षी साडेतीन लाखांच्या घरात असलेले रुग्ण पुढच्या वर्षी सत्तर हजारांच्या खाली आले. आणि एका गावात पुरेशा खाटांवर जाळ्या लागल्या की डासच मरतात, शेजारच्या उघड्यावर झोपणाऱ्यालाही थोडा आडोसा मिळतो. यादीबाहेरची बारा घरं म्हणून फक्त त्यांचा प्रश्न नसतो.

तुझ्या संगणकावरचा तो वाटपाचा रंगीत नकाशा मोडून टाक असं मी म्हणत नाही. त्यात एक रकाना वाढव. 'वाटप' याच्या शेजारी 'रात्री आठनंतर टांगलेली'. प्रत्येक गावात दहा घरं, तू स्वतः किंवा आशाताई, बॅटरी घेऊन. आकडा ९७ वरून ४० वर येईल आणि तुझ्यावर ओरडतील. ओरडू दे. तो ४० तू मिळवलेला असेल, ९७ कुणीच मिळवलेला नाही.

या आठवड्यात त्या टोल्यात परत जा. पेटी उघडायला नको, बाईजवळ बस. माझ्याकडे सुतळीचे दोन गुंडे पडून आहेत, एटापल्लीच्या बसने ड्रायव्हरजवळ देतो. रविवारी रात्री फोन कर आणि फक्त खाटा किती ते सांग. जमिनीवर चटई टाकून झोपणारेही खाटेतच धर.

तुझा,
काका

ता. क. आश्रमशाळेत गेलेली मुलं तू घरच्या माणसांत मोजली आहेस. ती जूनपासून वसतिगृहात झोपतात. तिथल्या खाटा वेगळ्या मोज, आणि गादीची रुंदी बघून घे. दोन मजली लोखंडी पलंगाला मोठी मच्छरदाणी नीट बसत नाही, खालच्या पोराचे पाय बाहेर राहतात.