300 पैकी 231 मिळाले, तरी खालच्या वर्गात का?

"ताई, 300 पैकी 231 म्हणजे 77 टक्के झाले की! मग मला शाळेतल्या गणिताच्या वर्गात का घातलंय?"

न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, मी नव्या विद्यार्थ्यांना समुपदेशन करते. समोरच्या बाई अडतीस वर्षांच्या, मूळच्या सांगलीच्या. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. मुलं शाळेत रुळल्यावर त्यांनी नर्सिंगला जायचं ठरवलं होतं. निकालाचा कागद उलगडून उलगडून घडीवर मऊ पडला होता.

हा प्रश्न आपली बरीच माणसं विचारतात. अक्युप्लेसर या परीक्षेत गुणांची पट्टी 200 पासून सुरू होते आणि 300 ला संपते. त्यामुळे 231 चे टक्के काढून काही कळत नाही. शिवाय यात नापास असं काही नसतंच. कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मिळतोच; गणित आणि इंग्रजीच्या कोणत्या वर्गापासून सुरुवात करायची, एवढंच या परीक्षेवरून ठरतं.

तरीही "काळजी करू नका, ही नुसती औपचारिकता आहे" असं मी कुणालाच सांगत नाही. शेजारणीने यांना नेमकं तेच सांगितलं होतं, म्हणून त्या काही न वाचता जाऊन बसल्या. खालच्या वर्गाची फी भरावी लागते, एक सत्र जातं आणि त्याचे क्रेडिट पदवीत धरले जात नाहीत. घर चालवून शिकणाऱ्या बाईला ते एक सत्र फार महाग पडतं.

"पेपर कसा सोडवलात?" मी विचारलं.

"अवघड आलं की काहीतरी ठोकून पुढे गेले. म्हटलं, शेवटी परत येऊ. बाजूची पोरं उठायला लागली, तशी मीही आवरलं."

अवघड प्रश्न शेवटाला ठेवायची शिस्त आपल्याला शाळेपासून लागलेली. इथे तीच नडते. एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही. संगणक तुमच्या उत्तरांवरून पुढचे प्रश्न निवडतो. चुकत गेलात की सोपे प्रश्न येतात आणि गुण खालीच राहतात. आणि गणिताच्या, वाचनाच्या या भागांना वेळेची मर्यादाच नाही. बाई अर्ध्या तासात उठून आल्या होत्या.

मग मी एक सरावाचा प्रश्न इंग्रजीत वाचून दाखवला, अपूर्णांकाचा. त्या गप्प. मी म्हटलं, "साठच्या पाऊणपट किती?"

"पंचेचाळीस." माझं वाक्य संपायच्या आत.

गणित त्यांना येत होतं, अडत होते ते इंग्रजी शब्द. त्याच दिवशी वहीत दोन रकाने आखले: अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, मसावि म्हणजे ग्रेटेस्ट कॉमन फॅक्टर, रेषेचा चढ म्हणजे स्लोप. मराठी माध्यमातून आलेल्या प्रत्येकाने हे करावंच. सरावाचे प्रश्न ही परीक्षा तयार करणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेकडून ऑनलाइन फुकट मिळतात.

परीक्षा टाळायचीही वाट असते, ती आधी विचारून घ्यावी. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन करून आणलं तर काही कॉलेजं परीक्षा माफ करतात. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्येच दाखवून दिलं होतं की नुसत्या अशा परीक्षांवरून गणितात साधारण चारातला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी अगदी चुकीच्या वर्गात पडतो. कॅलिफोर्नियाने तर 2017 मध्ये कायदा करून शाळेतल्या गुणांना महत्त्व दिलं. माझ्या मते ते योग्यच झालं. एका सकाळच्या गुणांवर माणसाचं वर्ष अडकू नये. पण आमच्याकडे परीक्षा आहे, तर ती नीट द्यायला हवी.

आमच्या कॉलेजात पुन्हा बसता येतं. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. तीन आठवड्यांनी बाई पुन्हा बसल्या, या वेळी दोन तास. थेट संख्याशास्त्राचा वर्ग मिळाला, नर्सिंगला लागणारा.

बाहेर आल्या त्या थोड्या हिरमुसूनच. कच्च्या कामाचा कागद परीक्षागृहात जमा करावा लागतो आणि त्यांना तो मुलांना दाखवायचा होता. सगळं त्यांनी मराठीत लिहिलं होतं: पाव, निम्मे, पाऊण, सव्वा.