एकाच खिडकीतला उजेड

प्रश्न : नोकरीमुळे कुठे जाणे होत नाही आणि कॅमेरा कपाटात पडून आहे, रोज तेच ते पाहताना छायाचित्रणाचा उत्साह कसा टिकवावा?

उत्तर : प्राग शहरातील छायाचित्रकार योसेफ सुदेक यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला, तरीही अवजड कॅमेरे हाताळत त्यांनी १९४० ते १९५४ या काळात आपल्या स्टुडिओच्या खिडकीची छायाचित्रे सातत्याने टिपली. काचेवर साचलेले दव, ओघळणारे थेंब आणि पलीकडचे वाकडे झाड एवढाच ऐवज त्यांच्यापाशी होता. परंतु ऋतूगणिक प्रकाश पालटत असल्यामुळे विषय कधी आटला नाही. मला तर खरे चैतन्य यातच दिसते. आपणही घरातील एक खिडकी निवडावी आणि कामावर निघण्यापूर्वी, उजेड तिरपा असताना, रोज एकच छायाचित्र घ्यावे.